सरकारनं पेरलेली भाजी

माझी नोकरी कसली होती असं कुणी विचारलं की मी सांगते, ओणवं होण्याची. कृषी सहायक म्हणून वाशीम जिल्ह्यात जेवढी वर्षं काढली, त्यातली निम्मी लोकांच्या धुऱ्यावर वाकून काहीतरी बघण्यात गेली. धुरा म्हणजे शेताचा बांध. शेतकरी मोठ्या हौसेनं पीक दाखवायला न्यायचा आणि मी धुऱ्यावरच्या गवतापाशी थांबून राहायचे. केनवडकडचे एक आजोबा एकदा तोंडावर म्हणाले होते, "पोरी, सोयाबीन तिकडं हाये. तू कचऱ्याले काय पाहून राह्यली?"

आता काय सांगणार त्यांना. मला कचराच आवडायचा. पीक काय, त्याला माणूस पाणी देतो, खत देतो, लाड करतो. तण कुणाच्या मदतीशिवाय उभं राहतं आणि वर शेजाऱ्याशी भांडतं. ते भांडण बघण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशात सापडली नाही. निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले, तरी रस्त्यानं जाताना माझी मान खालीच असते. घरचे म्हणतात, हिचं काहीतरी पडलंय.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झाडं दिसतात तेवढी गरीब नसतात. काही झाडं आपल्या मुळांतून, पाल्यातून, कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून असा काही रस मातीत सोडतात की आजूबाजूचं बी उगवतच नाही, किंवा उगवलं तरी खुरटून बसतं. शास्त्रात याला लांबलचक नाव आहे, ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला नाव नसलं तरी गोष्ट माहीत असते. ज्वारीच्या धसकटांत घेतलेलं पुढचं पीक जोर धरत नाही, हे आमच्या भागात कुणीही सांगेल. ज्वारी जाते, पण तिचा राग मातीत राहतो. माझं म्हणणं एवढंच होतं की हा राग तणावर काढता आला तर काय बहार येईल.

ज्वारीचा कडबा भिजवून त्याचं पाणी तणावर मारायचा प्रयोग मी पुष्कळांकडून करून घेतला. कुठे जमला, कुठे फसला. रिठदच्या एका गृहस्थांनी ड्रमात कडबा भिजवला, झाकण ठेवायचं विसरले आणि त्यांच्या म्हशीनं निम्मा ड्रम पिऊन टाकला. ते धापा टाकत माझ्याकडे आले. "मॅडम, म्हशीनं तणाचं औषध पेलं. आता दूध चालते का?" मी म्हटलं, अहो, ती रोज कडबाच खाते, आज पातळ करून खाल्ला. तरी त्यांनी त्या दिवशीचं दूध घरात न ठेवता मलाच आणून दिलं. मी चहा करून प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते फक्त मी जिवंत आहे का हे बघायला कार्यालयात हजर होते.

पण मला सांगायचं आहे ते तरोट्याचं.

तरोटा तुम्ही पाहिलेला असतो. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला उगवतो, गोल गोल पानं, पिवळी फुलं, लांब बारीक शेंगा, संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. जनावर त्याला तोंड लावत नाही. आणि गाजरगवतही तुम्ही पाहिलेलं असतंच, ते न पाहता या देशात चालताच येत नाही. पांढऱ्या बारीक फुलांचं, कुठेही माजणारं. ते स्वतः या रस सोडण्याच्या विद्येत पटाईत आहे, आपल्या आसपास कुणाला उभं राहू देत नाही. त्याला भारी पडणारी जी मोजकी झाडं आहेत त्यांत आपला फुकटचा तरोटा आहे. हे शास्त्रज्ञांनी तपासलेलं होतं, मी काही शोध लावला नाही. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. मी कार्यालयातल्या खिडकीत दोन बशा ठेवल्या. दोन्हीत ओल्या फडक्यावर गाजरगवताचं बी. एकीत साधं पाणी, दुसरीत तरोट्याचा पाला भिजवून गाळलेलं पाणी. साध्या पाण्याच्या बशीत हिरवी लव आली. दुसरीत बी तसंच पडून, जणू त्याला कुणी उठवलंच नाही. मी इतकी हरखले की दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आत आणत होते. साहेब बशांकडे बघून म्हणाले, "छान आहे. पण वास येतोय, खिडकी उघडा."

त्याच सुमारास शेवंताबाई माझ्याकडे आल्या.

वाशीमच्या शिवेला लागून, अनसिंगच्या रस्त्याकडे त्यांचा भाजीचा मळा. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो ते. मळा नवऱ्याच्या, गजाननरावांच्या नावावर, पण चालवायच्या शेवंताबाईच. त्या दिवशी भर उन्हात अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. मी बसा म्हटलं. त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी पडून चिरलेली, मधे मधे ओली. गाजरगवतानं होतं असं काहींना, त्याचा स्पर्श आणि वाऱ्यावर उडणारे कणसुद्धा सोसत नाहीत.

"डाक्टर म्हणते मळ्यात जायचं नाई," त्या म्हणाल्या. "गवत हाये तोवर पायच ठेवायचा नाई म्हणते. मले सांगा मॅडम, मंग मी जाऊ कुठी?"

हातात बांगड्या नव्हत्या. फोडांवर घासतात म्हणून काढून ठेवल्या होत्या. "लोकं तोंडाकडे पाह्यतात, मंग हाताकडे पाह्यतात," एवढंच बोलून त्यांनी बाही खाली केली. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली, त्या गवताची.

मळ्यातलं गवत काढता येत होतं. प्रश्न शेजारच्या जागेचा होता. ती गफूरभाईंची. गफूरभाई टिनाच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणारे, गावातल्या अर्ध्या लग्नांत त्यांचीच पेटी जाते. कारखाना टाकायला घेतलेली ती जागा वर्षानुवर्षं पडीक होती आणि गाजरगवतानं कमरेइतकी भरली होती. तिथलं बी वाऱ्यानं थेट मळ्यात. गफूरभाई माणूस दिलदार, त्यांनी दोनदा जेसीबी फिरवला होता. उकरलेल्या जमिनीत गवत दुप्पट जोमानं आलं. औषध मारायचं तर शेजारी पालेभाजी. शिवाय त्या पडीक जागेत रस्त्यापलीकडच्या, शेवंताबाईंच्या आळीतल्या बाया रानभाजी वेचायला यायच्या, तिथे फवारणीचं नाव कोण काढणार.

मी तरोट्याचं बी पेरू म्हटलं तेव्हा गफूरभाई माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, एक जंगल काढाले दुसरं जंगल लावता? खुदा कसम, अशी स्कीम म्या पाह्यली नाई."

"स्कीम नाही भाई, माझीच हौस आहे."

"मंग त घ्या जागा. हौसेले कोण ना म्हणते."

पावसाच्या तोंडावर मी, गजाननराव आणि गफूरभाई असं तिघांनी मिळून ते बी फेकलं. कडक कवचाचं बी, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवलं होतं. आळीतल्या बाया कडेला उभ्या राहून बघत होत्या. पाऊस वेळेवर आला आणि तरोटा असा काही उगवला की जमीन दिसेना. मी आनंदाने बेभान झाले होते. नेमकं तेव्हाच मला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं. तिथे भेटेल त्याला मी माझ्या तरोट्याचं कौतुक ऐकवत होते.

परत आले ती बॅग घरी टाकून थेट त्या जागेवर. जागा मोकळी. तरोट्याचं एक रोप नाही, आणि मधून मधून गाजरगवत मजेत वर येत होतं. मी चक्रावून गेले. शेळ्यांनी खाल्लं म्हणावं तर शेळी तरोट्याला शिवत नाही. बी खोटं म्हणावं तर मी उगवलेलं बघून गेले होते. पाण्यानं वाहून गेलं म्हणावं तर चिखल जागच्या जागी. पार रडकुंडीला येऊन मी शेवंताबाईंच्या घरी गेले.

जेवायची वेळ होती. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही, ताट वाढलं. ज्वारीची गरम भाकर, कांदा, आणि लसूण-मिरचीची फोडणी दिलेली पालेभाजी, मूगडाळ पेरलेली. तरोट्याच्या भाजीला एक उग्र वास असतो. लसणानं तो अर्धा जातो आणि उरलेला अर्धा आवडायला लागतो. मी भुकेली होते. दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि सहज विचारलं, "भाजी फार छान झालीय. कुठून आणली?"

"तुमचीच त हाये जी," शेवंताबाई म्हणाल्या.

"माझी कशी?"

उत्तर गजाननरावांनी दिलं, अगदी समाधानानं. "तुमी पेरली नाई का? आख्ख्या आळीनं खाल्ली मॅडम. गफूरभाईच्या घरी बी दोनदा झाली. आमाले वाटलं, रस त मातीत उतरला, आता भाजी खाल्ली त काय जाते. बाया म्हणे, सरकार बियाणं देते, खत देते, यंदा भाजीच पेरून देली. लय दुवा देऊन राह्यल्या तुमाले."

घास माझ्या हातातच राहिला. तरोटा आपल्याकडे कुणी पेरत नाही, तो आपोआप उगवतो आणि ज्याला मिळेल त्यानं खुडावा. मग कृषी खात्याच्या बाईनं तो मुद्दाम पोतंभर पेरला, तर तो खाण्यासाठीच पेरला असणार, यात त्या बायांचं काय चुकलं? मला हसू फुटलं ते थांबेना. माझा प्रयोग मीच दुसऱ्यांदा वाढून घेऊन खाल्ला होता. गजाननरावही हसायला लागले. मग माझं लक्ष शेवंताबाईंच्या शर्टाच्या बाहीकडे गेलं आणि हसू आटलं.

तरोटा उभा राहिला तरच गाजरगवत दबतं, हे मी तेव्हा सांगितलं. ऐकून गजाननरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. पाडव्याले मी मळा ठोक्यानं देऊन टाकतो. हिनं घरी राहावं. हातापायापेक्षा मळा मोठा नाई."

ठोक्यानं म्हणजे वर्षाच्या कराराने दुसऱ्याला कसायला. माणूस वाईट नव्हता, बायकोच्या काळजीनंच बोलत होता. शेवंताबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मले इचारलं काय कोणी?"

"तुह्यासाठीच त बोलून राह्यलो."

"माह्यासाठी नका बोलू. मी बोलतो नं. तथचा गोडनिंब म्या लावला. इहिरीवरची मोटर बिघडली त म्या रात रात बसून काढली. दुसऱ्याच्या हाती मळा गेला त मी या ओट्यावर बसून का करू, रस्ता पाहू?" मग आवाज खाली आला. "एक पाणकळा द्या मले. नाई झालं त मी सोता म्हणीन, देऊन टाका."

गजाननराव काही बोलले नाहीत. आमच्याकडे नवऱ्याचं गप्प बसणं म्हणजे निम्मा होकारच. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे भाजी निवडून टाकलेल्या कचऱ्याचा ढीग होता, आणि त्यात तरोट्याची मुळं. मुळासकट उपटलेली रोपं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी करतो, तेव्हा हरभरा मरतो का? उलट फुटवा फुटतो, झाड पसरतं. बायांनी भाजी खाल्ल्यानं माझं नुकसान झालं नव्हतं, उपटल्यानं झालं होतं. भाजी खाऊ नका असं सांगायची गरजच नव्हती. नुसती खुडायची, उपटायची नाही. मी ओल्या हातानं परत आत आले आणि म्हटलं, "शेवंताबाई, पुढच्या वर्षी सगळ्या आळीला जेवायला बोलवा."

पुढचा पावसाळा हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मजेचा काळ. आळीतल्या बायांनीच हिवाळ्यात रस्त्याकडेच्या तरोट्याच्या शेंगा गोळा करून ठेवल्या होत्या. पेरणीच्या आधी गफूरभाईंच्या दुकानासमोर बैठक झाली. पेट्या ठोकण्याच्या आवाजात मी नियम सांगितला. शेंडा खुडायचा, मूळ हलवायचं नाही. आणि भाजी नेणाऱ्या प्रत्येकीनं हातात प्लास्टिकची पिशवी घालून, दिसेल ते गाजरगवत फुलायच्या आत उपटून जायचं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे भाजीचं निंदण करून घेऊन राह्यली बाई तू आमच्याकडून." मी म्हटलं, हो आजी, अगदी तसंच.

गफूरभाईंनी टिनाची पाटी करून लावली, मराठीत आणि उर्दूत, 'खुडा, उपटू नका'. ती वाचायला कुणी थांबेना, तेव्हा ते स्वतःच सकाळी खुर्ची टाकून तिथे बसायला लागले. "खुडो बेगम, उखाडो मत," हे त्यांचं पालुपद रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. दुकान उघडायला उशीर होतो म्हणून घरी बोलणी खात होते, पण खुर्ची हलवली नाही.

मग पावसानं दडी मारली. खुडलेली रोपं तशीच बोडकी उभी होती, फुटवा नाही, वाढ नाही. मी रोज कामावर जाताना तिथे थांबायचे आणि शेवंताबाई ओट्यावरून विचारायच्या, "काय म्हणते भाजी?" मी नुसता हात हलवून पुढे जायचे. मला खरंच भीती वाटत होती. प्रयोग फसला तर मी दुसरा करीन, मला काय. त्यांचा मात्र मळा जाणार होता.

पाऊस परत आला तो चांगला दमदार. आणि तरोट्यानं जे काही केलं ते मी अजून कुणाला सांगायला लागले की उभी राहून सांगते. एका शेंड्याच्या जागी चार फांद्या. झाड उंच न जाता आडवं पसरलं, एकमेकांत गुंतलं. भादव्यात मी आणि गफूरभाई मधोमध शिरलो. मी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पाला बाजूला केला. खाली गाजरगवत होतं. पिवळं पडलेलं, बोटभर उंचीचं, मान टाकलेलं. एकालाही फूल नाही. मी दुसरीकडे पाला सारला, तिसरीकडे सारला, सगळीकडे तेच. मी तिथे चिखलात बसून टाळ्या वाजवल्या. गफूरभाई म्हणाले, "मॅडम, लोकं पाह्यून राह्यले." पण तेही हसत होते आणि टोपी काढून घाम पुसता पुसता डोळे पुसून घेत होते.

एका वर्षात गाजरगवत संपत नाही, हेही सांगायला हवं. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं वाट बघतं. सुकलेला तरोटा तिथेच पडू द्यायचा, म्हणजे त्याचा रस मातीत उतरत राहतो, आणि धुऱ्यापलीकडे पिकात त्याला घुसू द्यायचं नाही, कारण तो काही साधुसंत नाही. त्या हिवाळ्यात तुरळक गवत आलं ते बायांनी काढलं. पाडवा आला, आणि मळा ठोक्यानं देण्याचं गजाननरावांनी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

खंत आहे ती अशी की हे मला फार ठिकाणी करता आलं नाही. लोकांना बाटलीतलं आणि लगेचचं हवं असतं. एका गावात तर मी लावलेल्या तरोट्यावर कुणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात तणनाशक मारलं, आणि पुढच्या वर्षी तिथे गाजरगवताचं रान झालं. माझ्या बदल्या झाल्या, कागद वाढले, आणि ओणवं व्हायला वेळ कमी मिळत गेला. शेवटच्या दोन वर्षांत तर मला त्या मळ्याकडे जायलाही जमलं नाही.

आमच्या पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी एक जुलै टाकून दिली आहे, म्हणून आम्ही घोळक्यानं जून अखेरीस निवृत्त होतो. माझा निरोप समारंभ इतर तिघांबरोबर झाला. शाल, नारळ, भाषणं. साहेबांनी माझ्या कार्यतत्परतेबद्दल बोलताना दुसऱ्याच कुणाचं तरी वर्णन केलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तेवढ्यात दारात गलका झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि ती बाई ऐकत नव्हती.

शेवंताबाई होत्या. डोक्यावरून पदर, हातात ओल्या फडक्याचं गाठोडं. सरळ माझ्यापर्यंत आल्या आणि शालीवरच गाठोडं ठेवलं. गाठ सोडली तर आत तरोट्याची कोवळी भाजी, पाणी निथळत असलेली. शेंडे खुडलेले होते, एकालाही मूळ नव्हतं.

"आज पहाटी खुडली," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं. पिशवीगिशवी काही नाई घातली."

त्यांनी हात पुढे केले. ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर होत्या. कातडीवर जुने फिकट डाग राहिले होते, बाकी काही नव्हतं. आणि दोन्ही हातांत मनगटापासून वरपर्यंत हिरव्या बांगड्या भरलेल्या. मी ते हात हातात घेतले, बांगड्या वाजल्या, आणि सगळ्या कार्यालयासमोर मला रडू आलं.

साहेबांनी विचारलं, "हे काय आणलं बाई तुम्ही?"

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "भाजी हाये जी," त्या म्हणाल्या. "सरकारनं पेरली होती. सरकारले आणून देली."